माळावरचा वाघदेव

कुड्याचा पाडा, सूर्यमाळजवळ
२२ जानेवारी २०२४

कान्हादादास प्रमिलाचा नमस्कार.

पत्र बघून दचकू नकोस, घरात कुणी आजारी नाही. फोन करायचा तर वाघ्याच्या माळावर चढावं लागतं, आणि मी चढले की मागोमाग अर्धा पाडा चढतो आणि कान टवकारून उभा राहतो. शिवाय फोनवर तू "बघू" म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागदावर "बघू" लिहायला तुला लाज वाटेल, म्हणून हे पत्र.

गेल्या आठवड्यात खोडाळ्याच्या बाजूने एक पांढरी गाडी आली. त्यातून उतरलेल्या माणसांनी माळावर तिपाई रोवली, दुर्बिणीतून इकडेतिकडे बघितलं आणि दगडांना चुन्याचे ठिपके लावले. मी अंगणवाडीची मुलं खिचडीला बसवली आणि वर जाऊन विचारलं, तर म्हणतात रस्त्याचं काम आहे. माळाच्या पलीकडे दरी आहे, रस्ता काय दरीत उडी मारणार? त्यातल्या एकाच्या पायात फौजेचे बूट होते.

आपल्या फागीआत्याचा मंगेश नाशिककडे चौकीदार होता, त्याने असलं काम पाहिलेलं आहे. तो म्हणाला, "फौजेचा गोळीबाराचा मैदान व्हनार हाय. सराव असला का घरं सोडून लांब जाऊन बसायचा. माळावर पाय ठेवायचा नाय." हे ऐकल्यावर सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. कारण फौजेच्या जमिनींचा मोठा साहेब कोण, तर आपला कान्हा.

माळ गेला तर आपलं काय उरतं ते तुला सांगायला नको. होळी झाली की खालची विहीर चिखल देते आणि पाडा जगतो तो माळावरच्या झऱ्यावर. गुरं तिथे, नागली-वरई त्याच उतारावर.

तुझ्या काकाचं, म्हणजे माझ्या बाचं, डोकं दोन दिवस फिरलेलं आहे. तुझा बाप गेल्यावर त्यानेच तुला हाताला धरून जव्हारच्या आश्रमशाळेत नेलं होतं. तुझी निवड झाल्यावर जव्हारला सत्कार झाला, तेव्हा झेंडूची माळ घालून आल्यावर तो पाडाभर सांगत सुटला की आपला कान्हा फौजेत अंमलदार झाला. तू बंदूक धरत नाहीस हे मी त्याला तेहतीस वर्षांत पटवू शकले नाही. आता जव्हारच्या साप्ताहिकात छापून आलंय की खात्याचं सगळ्यात वरचं पद तुलाच मिळणार. मंगेश म्हणतो, वर चढायला पायरी लागते, ती आपल्या माळाची केली असेल.

मी त्याला झापलं. पण मलाही झोप नाही. बा म्हणतो, "त्याला इचार. माळ जायाचा का नाय, येवढाच." तेवढंच विचारते. एक शब्द लिही.

तुझी बहीण,
प्रमिला

*

नवी दिल्ली
९ फेब्रुवारी २०२४

चि. प्रमिलेस आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझं अक्षर शाळेत होतं तसंच आहे, रागावल्यासारखं.

तू मागितलेला एक शब्द मी लिहू शकत नाही. हो म्हणणार नाही, नाही म्हणणार नाही, आणि मला ठाऊक आहे किंवा नाही हेही सांगणार नाही. कचेरीतलं काम घरी बोलायचं नाही हा आमच्या नोकरीतला पहिला धडा. अंबाल्याला नवा होतो तेव्हा माझ्या वरिष्ठांनी सांगितलं होतं की आपण फौजेत नाही, पण फौज जिच्यावर उभी राहते ती जमीन आपल्या हातात असते, म्हणून आपलं तोंड फौजेपेक्षा घट्ट हवं. अंगावर वर्दी नाही, छातीवर पदक नाही. जबलपूर, कोलकाता, लखनौ झालं, प्रत्येक ठिकाणी कुणी ना कुणी विचारलं, साहेब तुम्ही नक्की करता काय? मी हसून चहा मागवत आलो.

काकाला सांग की मी बरा आहे.

आता माझं एक काम. वाघदेवाला शेंदूर शेवटचा कधी लावला? चौथऱ्यावर गवत माजलं असेल तर काढून घ्या. होळीच्या आत नवा शेंदूर लावा, नारळ फोडा. गुरं रोजच्यासारखी माळावर जाऊ द्या. झऱ्याचा गाळ काढून कडेने दगड नीट रचून घ्या, बायका पाण्याला जातात ती पायवाट मोकळी ठेवा. हे सगळं जरूर करा. मला देवाची आठवण येते असं समजा. आणि याबाबत माझ्याशी फोनवर बोलू नका.

तुझा दादा,
कान्हा

*

कुड्याचा पाडा
३ मार्च २०२४

कान्हादादास नमस्कार.

पत्र पोचलं. पोस्टमन खोडाळ्याच्या बाजारात भेटला आणि दिल्लीचा शिक्का बघून म्हणाला, साहेबांचं दिसतंय. त्यामुळे लपवायची सोय राहिली नाही. सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचून दाखवावं लागलं.

तुझी वाघदेवाची आठवण सगळ्यांनी मला पुन्हा वाचायला लावली. दादा, आपल्या भोयांच्या घरातला थोरला मुलगा म्हणून दिवाळीआधीच्या वाघबारसेला देवापुढे उभं राहायचा मान तुझा, आणि नोकरी लागल्यापासून एकाही वाघबारसेला तू आला नाहीस. दर वर्षी बा तुझ्या जागी उभा राहतो. मी कळवायचे आणि तू "रजा नाही" म्हणायचास. आणि आता माळावर चुन्याचे ठिपके पडल्यावर तुला देव आठवला? नुसता आठवला नाही, तर चौथरा साफ कर, वाट मोकळी ठेव, सगळं लांबून दिसेल असं ठेव. सकूआत्या, जिला पाड्यात देवाधर्माचं सगळे विचारतात, ती म्हणाली, "बोकडाला आंगोळ घालतात ती काय त्याच्यावर माया हाय म्हनून?"

मला तुझी बाजू घ्यायची होती, पण तू माझ्या हातात काही दिलंच नाहीस. "हो" नाही, "नाही" नाही. ज्याच्या मनात काही नाही त्याला "नाही" लिहायला कितीसा वेळ लागतो?

बा मात्र काठी घेऊन उठून गेला.

असो. तू सांगितलेलं काम पाड्याने मनावर घेतलं आहे. त्याची काळजी नको.

प्रमिला

*

नवी दिल्ली
३० मार्च २०२४

चि. प्रमिलेस आशीर्वाद.

काम मनावर घेतलं हे वाचून फार बरं वाटलं. एवढं बरं गेल्या दोन महिन्यांत वाटलं नव्हतं. काकाला माझा नमस्कार सांग, सकूआत्यालाही सांग, तिची बोकडाची गोष्ट धरूनच.

साप्ताहिकातली ती बातमी खरी नव्हती. वरची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. मला आता शिकवण्याच्या कामावर ठेवलं आहे, नव्या भरतीच्या मुलांना नियम समजावतो. काम हलकं आहे. खोलीला खिडकी आहे, बाहेर कडुलिंब आहे.

जव्हारच्या सत्कारातला फोटो मला इथे सापडला. काका त्यात कॅमेऱ्याकडे न बघता माझ्या बुटांकडे बघतो आहे. नवीन होते ते.

तुझा दादा,
कान्हा

*

कुड्याचा पाडा
२० जून २०२४

कान्हा,

दादा लिहायला हात धजत नाही.

एप्रिलमध्ये तुमचं पाहणीचं मंडळ येऊन गेलं. जीपमधून फौजेचे दोन, तलाठी, आणखी कोण कोण. दिवसभर माळ पायाखाली घातला आणि गेले. आणि या आठवड्यात मोखाड्याला तहसील कचेरीत नोटीस लागली. मी एसटीने जाऊन भिंतीवरची वाचली. आपला माळ, त्याखालचा उतार आणि ओढ्यापर्यंतची सगळी जागा फौजेच्या सरावाला. सराव असेल ते दिवस पाडा मोकळा करायचा. खाली कारण लिहिलं आहे: जागा निर्मनुष्य, वापरात नाही, गुरचराई आढळली नाही, पूजास्थान आढळले नाही, पाण्याचा स्रोत आढळला नाही.

मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. ज्या झऱ्याचं पाणी पिऊन तू परीक्षेचा अभ्यास केलास तो आढळला नाही म्हणे.

हे कुणी सांगितलं त्यांना? बाहेरच्या माणसाला आपला माळ ठाऊक तरी आहे का? तुला वरची जागा मिळाली नाही असं तू लिहिलंस, तेही आता मला खरं वाटत नाही. मिळाली असेल आणि आम्हाला कळू नये म्हणून लिहिलं असशील. हलकं काम आणि कडुलिंब. इथे बाला दम लागतो, पाऊस धरला आहे, आणि तो रात्रंदिवस एकच विचारतो, "कान्ह्याचा आला का काय?" मी त्याला काय सांगू?

हरकती ऐकायला सप्टेंबरात जव्हारला सुनावणी आहे. पाडा जाणार आहे. तुझ्याविरुद्ध उभं राहायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं.

प्रमिला

*

नवी दिल्ली
२ जुलै २०२४

प्रमिले,

नोटीस भिंतीवर लागली म्हणजे ती गोष्ट सगळ्यांची झाली. आता मी लिहू शकतो, म्हणून लिहितो. एका शब्दाऐवजी सगळं वाच.

जानेवारीत माझ्या टेबलावर एक नकाशा आला. त्यावर माळाचं नाव नव्हतं, नुसती उंची होती. पण ओढा जिथे कोपर मोडल्यासारखा वळतो ते वळण मी ओळखलं. त्याच दुपारी मी वर लिहून दिलं की हे माझं गाव आहे, हे काम माझ्याकडून काढून घ्या. आमच्यात असं लिहून दिलं की मग त्या कामाकडे बघायचं नाही, कुणाला विचारायचं नाही आणि घरी एक अक्षर बोलायचं नाही. हा नियम मी हाताखालच्या कितीतरी लोकांना लावला आहे. काम काढून घेतलं, आणि मग ज्याच्या गावापाशी काम अडतं तो माणूस सगळ्यात वर कशाला, असंही कुणाला तरी वाटलं. खिडकीची खोली मला त्यातूनच मिळाली.

गप्प राहून आतल्या आत नकाशावरची हद्दीची रेघ सरकवता आली असती. मंगेशला वाटतं तसा मी असतो तर ते सोपं होतं. मी ते केलं नाही, आणि त्याबद्दल तुम्हाला राग आला तर मी समजेन.

पण एक गोष्ट मी करू शकत होतो, आणि ती केली. पाहणीचं मंडळ कसं चालतं ते मला पाठ आहे. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या जागेवर ते डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहितात. ताजा शेंदूर दिसला तर पूजास्थान लिहावंच लागतं. शेण दिसलं, पायवाट दिसली, झरा दिसला तर तेही. एवढं लिहिलं गेलं की रेघ आपोआप लांब सरकते, हे मी तेहतीस वर्षं पाहिलं आहे. देवाला शेंदूर लाव असं कोणताही पुतण्या घरी लिहू शकतो. ते कचेरीचं बोलणं नव्हे. म्हणून तेवढंच लिहिलं.

आता मी विचारतो. तू लिहिलंस की पाड्याने काम मनावर घेतलं. मग मंडळाला काहीच कसं दिसलं नाही? तलाठ्याला झरा दिसत नाही? एवढा पुरुषभर उंचीचा वाघदेव दिसत नाही?

प्रमिला, वाघदेव कुठे गेला?

कान्हा

*

कुड्याचा पाडा
२ ऑगस्ट २०२४

कान्हादादास,

तुझं पत्र बा गेल्यावर तिसऱ्या दिवशी हातात पडलं. तो गेला त्या दिवशी मी माळावर भिजत उभी राहून तुला फोनवर कळवलं, तू "निघतो" म्हणालास, आणि मी "येऊ नकोस, पाडा तापलेला आहे" म्हणून फोन ठेवला. माझ्याच तोंडाने तुला बाच्या मातीला येऊ दिलं नाही. आता हे लिहिताना तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे, म्हणून देते.

वाघदेव आमच्या कणगीत आहे.

तुझं शेंदराचं पत्र वाचल्यावर बैठक झाली. मंगेश म्हणाला, देव उठून दिसला तर गोळीबाराचा नेम धरायला त्यालाच निशाणा करतील. सगळ्यांना पटलं. आम्ही ठरवलं की त्यांना माळावर घेण्यासारखं काही दिसताच कामा नये. खोडाळ्याच्या बाजारात माणूस दुभती गाय बघून घेतो, भाकड गाय कोण घेतो? तेव्हा माळ भाकड दिसू दे. चौथऱ्याचे दगड इकडेतिकडे पसरले. झऱ्यावर करवंदीच्या जाळ्या तोडून टाकल्या, वर पालापाचोळा. पायवाटेवर काटे ओढले. गुरं मे सरेपर्यंत खाली बांधली, बायकांनी सूर्यमाळच्या टाकीवरून हंडे आणले आणि कुरकुर केली नाही. आणि वाघदेवाची ती सागाची फळी, वाघ, चंद्र, सूर्य कोरलेली, बाने एकट्याने वर जाऊन उपटली आणि खांद्यावरून खाली आणली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आमच्या कणगीत तिरकी उभी करून वरून नागली ओतली. तेव्हापासून ती कणगी आम्ही उघडली नाही, देव झोपलाय म्हणून.

मंडळ आलं तेव्हा आम्ही झाडाआडून बघत होतो. काही सापडत नाही असं बघून आम्ही हसत होतो, दादा. मंगेश तर पोट धरून हसत होता.

तुझं पत्र मी पुन्हा सगळ्यांसमोर वाचलं. बायका रडल्या. मंगेश म्हणाला, "मागून कोन पन लिव्हतो." आणि खरं सांगू, पाड्यातले निम्मे त्याच्या बाजूचे आहेत. शेंदराचं पत्र जसं दोन्हीकडून वाचता येतं तसंच हेही.

वाईट हे की देव लगेच परत नेता येत नाही. सकूआत्या ठाम आहे. खाली आणलेला वाघदेव वर जातो तो वाघबारसेलाच, आणि भोयांच्या थोरल्याच्या हातूनच. बा होता तोवर तो तुझ्या जागी होता. आता तूच आहेस. आणि सुनावणी वाघबारसेच्या आधी आहे.

शेवटपर्यंत बा तुझी वाट बघत होता की तुझ्यावर डाफरत होता, ते मला कळलं नाही. मला सांगून गेला, "कान्ह्याला सांगू नको देव कुठं हाय." तेवढं मी आज मोडलं.

प्रमिला

*

नवी दिल्ली
२० ऑगस्ट २०२४

प्रमिले,

तुझं पत्र वाचून मी आधी हसलो. खूप मोठ्याने, शेजारच्या खोलीतला शिपाई डोकावून गेला. मग जव्हारचा तो फोटो काढून समोर ठेवला. काकाला खांदा द्यायला मी नव्हतो, हे आता कुठल्याही नियमात बसवून सांगता येत नाही. मला फार वाईट वाटतं. तू येऊ नको म्हणालीस आणि मी ऐकलं, तिथे मी चुकलो.

फौजेला भाकडच गाय हवी असते, प्रमिले. रिकामी, कुणाची नसलेली, कुणी मागे धावत येणार नाही अशी. तुम्ही माळ त्यांना हवा तसाच सजवून दिलात. माझी चूक एवढीच झाली की साहेबाच्या भाषेत इशारा दिला आणि तो वाचणारी माणसं बाजारातली होती.

आता काय करायचं ते नीट वाच. सुनावणीत खोटं बोलू नका. देव माळावरच होता असं कुणी म्हणालं तर ते एप्रिलचे फोटो पुढे करतील आणि मग तुमचं काहीच ऐकलं जाणार नाही. घडलं तसं सांगा. आम्ही देव लपवला, झरा झाकला, गुरं बांधली. का, असं विचारतील. सांगा, आमचाच माणूस खात्यात वर आहे, त्याच्यावर आम्हाला संशय आला. माझं पूर्ण नाव घ्या, पद सांगा. पुन्हा पाहणी मागा आणि वाघबारसेचा दिवस मागा.

माझं नाव घ्यायला कचरू नका. मी नोकरी सोडायची नोटीस दिली आहे. दोन वर्षं उरली होती, ती इथेच राहिली. साहेब म्हणून मी त्या फळीला हात लावला तर सगळे म्हणतील साहेबानेच रेघ हलवली. तुम्हीही म्हणाल. वाघबारसेला मी येतो.

कान्हा

*

कुड्याचा पाडा
२८ सप्टेंबर २०२४

कान्हादादास नमस्कार.

जव्हारला सुनावणी झाली. डेपोतून आम्ही सगळे चालत कचेरीत गेलो, बायका पुढे. माझा नंबर आला तेव्हा तू लिहिलंस तसंच बोलले. देव कणगीत आहे म्हटल्यावर खोलीत हशा पिकला. लपवला का, विचारल्यावर मी तुझं नाव घेतलं. कान्हा लहानू भोये, आणि तुझं पद. हशा थांबला. मधल्या साहेबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "त्यांनीच हे काम नको म्हणून लिहून दिलं होतं, तुम्हाला माहीत आहे?" मी म्हटलं, आता माहीत आहे, तेव्हा नव्हतं.

हे सगळ्यांनी ऐकलं. मंगेशनेही ऐकलं. परत येताना एसटीत तो माझ्या शेजारी बसला. घाट संपला. मग म्हणाला, "साहेब साहेबाची बाजू घेनारच."

पुन्हा पाहणी मान्य झाली आहे. फौजेचा एक तरुण मेजर आहे, दक्षिणेकडचा, त्याने डायरीत वाघबारस असा शब्द मला विचारून लिहून घेतला. येताना चपला आण. बूट घालून देव उचलता येत नाही.

प्रमिला

*

कुड्याचा पाडा
१८ डिसेंबर २०२४

कान्हादादास प्रमिलाचा नमस्कार.

दिल्लीचं घर रिकामं करायला तुला महिना लागतोय म्हणजे एवढं काय भरून ठेवलंस? इकडे यायचं तर निम्मं तिथेच वाटून टाक.

मोखाड्याहून नवी नोटीस आली. मी पुन्हा भिंतीपाशी उभी राहून वाचली, आणि या वेळी तलाठ्याकडूनही वाचून घेतली, माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नव्हता. रेघ ओढ्याच्या पलीकडे गेली. माळ, झरा, उतार, पाडा सगळं बाहेर. पूजास्थान आढळले, असं लिहिलं आहे.

आता तुला न दिसलेलं लिहिते. वाघबारसेला फळी चौथऱ्यावर उभी करून तू मागे सरलास आणि सकूआत्याने वाघ व्हायला ठरलेला पोऱ्या बाजूला करून वाघाची घोंगडी तुझ्याच अंगावर टाकली. मेजरला वाटलं खेळ आहे, तो फोटो काढत होता. तुझी खरी सुनावणी तेव्हा चालू होती हे त्याला कुठून कळणार? वाघ झालेला माणूस वाघदेवासमोर खोटं बोलत नाही, हे आपल्यालाच ठाऊक. सकूआत्याने विचारलं, "वाघा, आमच्या माळाव येशील का?" जानेवारीपासून आम्ही जो एक शब्द मागत होतो तो तू तिथे दिलास. "नाय येनार." मग सगळे कारिटं फेकत तुझ्या मागे लागले आणि तू ओढ्यापर्यंत धावलास, चपला सोडून. मंगेशच्या हातातलं कारीट हातातच राहिलं होतं, हे तुला दिसलं नाही. त्याने ते हळूच चौथऱ्याखाली ठेवून दिलं.

पण म्हणून सगळे निवळले असं समजू नकोस. माळ सुटल्यावर आता नवीन बोलणं निघालं आहे. ज्याच्या हातात परत आणायची ताकद तोच देणारा असणार, असं मंगेश पाण्यावर म्हणाला आणि दोघातिघांनी माना हलवल्या. मी भांडले. मग वाटलं, तू इथे राहायला लागशील, नागली लावशील, झऱ्याचा गाळ काढशील, तेव्हा कंटाळून बोलायचं सोडतील. तोवर ऐकून घ्यावं लागेल.

एक गोष्ट मी तुला त्या दिवशी सांगितली नाही, मला आधी स्वतःशी खात्री करायची होती. कणगीतून फळी बाहेर काढली तेव्हा वाघाच्या अंगभर नागलीचे दाणे चिकटलेले होते. तू ते झटकायला गेलास आणि ते निघाले नाहीत. शेंदरात बसले होते. वाळलेल्या शेंदरावर दाणा बसत नाही, दादा. बाने मार्चमध्ये फळी कणगीत ठेवली तेव्हा शेंदूर ओला होता. म्हणजे एकट्याने वर जाऊन त्याने आधी तो लावला आणि मग देव उपटला.

सकूआत्या म्हणते, देव हलवताना लावतातच. असेल. पण त्या सकाळी काठी घेऊन निघताना बाने दारातून मला विचारलं होतं, "कान्ह्यानं होळीच्या आत सांगलाय ना?" मी हो म्हटलं. त्याने पाड्याचंही ऐकलं आणि तुझंही ऐकलं, आणि कुणालाच बोलला नाही. तो तुझा काका शोभतो.

फळीवरचे दाणे मी तसेच ठेवले आहेत. तू येऊन बघ.

तुझी बहीण,
प्रमिला